सेन्सरवरचं कुंकू

दत्तूचा हात पूजेला मोठा सढळ. सातपूरच्या त्या छोट्या कारखान्यात खंडेनवमी आली की पान्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लावायचा मान त्याचा, आणि त्यात तो हात आखडता घेत नसे.

२००३च्या खंडेनवमीला टेबलावर एक नवं लोखंडी कडं होतं. ते पाइपाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवायचं. आतल्या बाजूचे सेन्सर कानाला ऐकू न येणारा आवाज एकमेकांकडे सोडणार आणि पाइपातून वायू कसा वाहतोय त्याचं चित्र पडद्यावर उमटणार. दत्तूने समोर दिसले तेवढ्या सेन्सरांच्या तोंडाला तेलात कालवलेलं कुंकू चांगलं जाडसर लावलं.

दसरा झाल्यावर चाचणी घेतली, तर चित्रात पाइपाची एक बाजू काळीठिक्कर. "वेल्डिंगचं लोखंड आत उतरलंय, वायू तिथे अडतोय," साहेब म्हणाले.

पाइपाचं वेल्डिंग भिमाजीमामांचं होतं. दत्तूला हाताला धरून कामाला लावलं ते यांनीच, आणि त्यांच्या जोडाला आजवर कुणी बोल लावला नव्हता. मामा पडद्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले.

"मशीन कशाला खोटं बोलंल?" ते म्हणाले. "माझीच नजर गेली. मला आता स्टोअरला टाका, साहेब."

दत्तूला कुंकू आठवलं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण साहेबांपुढे आपण अडाणी ठरू, पोरं वर्षभर चिडवतील, म्हणून त्याची जीभ रेटेना.

पुढे मामा स्टोअरात चष्मा लावून नटबोल्ट निवडत बसलेले दिसायचे. दत्तूला डबा गोड लागेना. शेवटी स्वतःचीच शिसारी येऊन तो साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून बसला. सेन्सर पुसले, चित्र स्वच्छ आलं. साहेब पोट धरून हसले, पोरंही हसली. मग तो विषय तिथेच संपला.

मामा परत वेल्डिंगला आले. "कुंकवाचं काय एवढं? म्याबी लावलं असतं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मी सगळ्यांम्होरं मान खाली घातली, तवा तुला ठावं होतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "होतं, मामा," दत्तू म्हणाला.

मामांनी काच डोळ्यांपुढे धरली आणि ठिणग्या उडू लागल्या. दत्तू शरमेने तिथेच उभा राहिला. निदान एक शिवी तरी हासडतील, या आशेवर.