दुसरी नळी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सगळं परळ मोर्च्यांत असायचं आणि आमचे हे माशांच्या काचेच्या टाकीसमोर. हे मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. त्यामुळे घरातला कुठलाही प्रश्न आधी कागदावर सुटायचा. मग तो माझ्या अंगावर यायचा.

माशांना वाहतं पाणी हवं, असं यांनी कुठंतरी वाचलं. झालं, माळ्यावर पिंप चढलं. त्यातून बारीक धार टाकीत पडायची, आणि जास्तीचं पाणी टाकीतल्या उभ्या नळीच्या तोंडातून खाली मोरीत जायचं. पिंप रोज सकाळी मी भरायची. नकाशात तेवढं दाखवलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी नळी गुडगुडायला लागली. मालवणहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "कोणाचा पोट बिघाडला गो?"

हे दुखावले. पाण्याबरोबर हवा ओढली जाते म्हणून आवाज होतो, असं आम्हाला समजावून त्यांनी नळीला खाली एक तोटी बसवली. ती आवळत आवळत नेली, तशी नळी काठोकाठ भरून वाहू लागली आणि आवाज बंद झाला. चाळीतली माणसं ती शांतता ऐकायला येऊन गेली.

मी विचारलं, "अहो, आणि नळी तुंबली तर?"

"हिशेब केलाय मी," हे म्हणाले.

हिशेब माशांना ठाऊक नव्हता. आठवड्याभरात त्यांनी कुरतडलेलं पाणवनस्पतीचं एक पान नळीत अडकलं. मी बाजारात गेले होते, हे पेपर वाचत होते. पाणी टाकीवरून फळ्यांच्या जमिनीवर आणि तिथून खालच्या खोलीत गेलं. तिथे समितीची माणसं मोर्च्याचा कापडी फलक रंगवत होती. खालचे भाऊ ओला फलक घेऊनच वर आले. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' शाबूत होतं, आधीचं 'मुंबईसह' वाहून गेलं होतं.

"वहिनी," ते शांतपणे म्हणाले, "दिल्लीला जमलं नाही ते तुमच्या माशांनी केलं."

हे म्हणाले, दोष पानाचा आहे.

मी सांगितलं, पहिलीपेक्षा दोन बोटं उंच अशी दुसरी नळी लावा. तिला तोटी नको. पहिली तुंबली की पाणी तिच्यातून जाईल.

"एरवी ती नुसती रिकामी उभी राहणार?"

"तुमच्या ऑफिसात हेडक्लार्क असतोच की."

हे ऐकेनात. मग मी पिंप भरणं बंद केलं. शहरात रोज कुणीतरी हरताळ पाळत होतं, मीही पाळला. दोन सकाळी यांनी बादल्या माळ्यावर चढवल्या. तिसऱ्या दिवशी कंबर धरून दुसरी नळी बसवली. मी पहिलीत चिंधी कोंबून पाहिली. पाणी दोन बोटं चढलं आणि दुसरीतून मोठ्यानं गुडगुडत मोरीत गेलं. जमिनीवर एक थेंब नाही. हे तिचाही आवाज बंद करायला निघाले, तेव्हा मी हात धरला. तिनं ओरडायलाच हवं, नाहीतर तुंबल्याचं कळणार कसं?

पुढे यांचे साहेब टाकी बघायला आले. दुसरी नळी आपल्याला कशी सुचली, हे यांनी त्यांना चांगलं अर्धा तास सांगितलं. मी चहा दिला.

साहेबांनी मला विचारलं, "माशांचा त्रास होत नाही ना?"

मी म्हटलं, "माशांचा नाही."