तास भरलेला बोल्ट

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. मी नागपूरला विमानांच्या वर्कशॉपात मिस्त्री होतो. इंजिन ज्या सांगाड्यावर बसतं, त्याचे बोल्ट बदलणं हे माझं काम. बोल्ट कितीही धडधाकट दिसो, उड्डाणाचे ठरलेले तास भरले की तो काढायचाच. लोखंड आतून थकतं आणि वरून काही कळत नाही. काढलेला बोल्ट चुकून परत बसवला जाऊ नये म्हणून त्याचे आटे कापायचे आणि त्याला लाल रंग फासायचा.

असा एक बोल्ट साहेबांना विचारून मी गावी, इंझोरीला नेला. आईपुढे मिरवायचं होतं, दुसरं काय! वडील गेल्यापासून ती घरात एकटी. तिकडे मीही एका खोलीत एकटा, स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी खात. मला तिथे मुळीच करमत नसे. या खेपेला तिला नागपूरला न्यायचंच, असं ठरवून गेलो होतो.

आईनं लाल रंग पाहिला आणि बोल्ट सरळ देव्हाऱ्यात ठेवला. आमच्याकडे बांधावरच्या दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो. हा तर विमान पेललेला. मला हसू आवरेना.

"अवं माय, थो देव नोहे. त्याचे तास भरले म्हून काढला."

"मोडला होता काय?"

"नाही. मोडायच्या आधीच काढा लागते."

तिनं देव्हाऱ्यातल्या दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "तुह्या बापाचं तं कोनी आधी सांगतलं नाही."

त्यानंतर मी नागपूरचं नाव काढलं की एकच उत्तर. "याले दिवा कोन लावीन? तिकडे तुह्या इमानाले काही झालं तं?" मी आणलेल्या भंगारानंच माझ्या बेताचे बारा वाजवले.

निघायच्या सकाळी चिडून मी बोल्ट पिशवीत टाकला. "हा नेतो वापस. आता तं चालशीन?"

तिनं तो पिशवीतून काढला, पदरानं पुसला. "तू दिवसभर इमानापाशी. तिथं खोलीत मी कोनासंगं बोलू? इथं हा तरी हाय. रोज इचारते त्याले, जेवला का रे बाबू."

बोल्ट मीच देव्हाऱ्यात ठेवला आणि एकटा परतलो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात तास भरलेला एक बोल्ट हातात आला. आटे कापायच्या आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. त्याला हळूच विचारलं, "जेवली का वं माय?"