डोळ्यावरची माळ

सरळ चालणारी गोष्ट आधी बंद पाडून मग चालवण्यात जुन्नर-आंबेगावात आमच्या साडूंचा हात धरणारा कुणी नाही. वीस वर्षं ते कारखान्यात फिटर होते. तिथं ऑटोमॅटिक मशीन आलं आणि हे लोणीला घरी बसले. "ज्यानं मला घालवलं त्यालाच कामाला लावतो," म्हणाले आणि भंगारातून एक पीएलसी घेऊन आले. कुठल्या यंत्रानं कधी हलायचं हे ठरवणारा ठोकळा. क्लास लावा म्हटलं तर तुच्छतेनं हसले. हात भाजल्याशिवाय विद्या येत नाही, असं त्यांचं मत. भाजले मात्र घरच्यांचे. दाराला कडी घातल्याशिवाय पंखा फिरेना, पंखा फिरल्याशिवाय मिक्सर लागेना. मी एकदा मुक्कामाला गेलो, तर अंगाला साबण लावल्यावर नळच बंद. बाहेरून साडू शांतपणे म्हणाले, "दोन बादल्या झाल्या, राव. प्रोग्राम बराबर हाय, तुमीच लई पाणी घेता." मी पंच्यानं साबण पुसला.

अशा माणसाला नारायणगावकडच्या एका शेठजींनी टोमॅटोच्या शेडमधला क्रेट वाहून नेणारा नवा पट्टा चालू करायला बोलावलं. चालला तर कायमची नोकरी. पट्ट्याच्या टोकाला सेन्सर होता, म्हणजे यंत्राचा डोळा. समोर भरलेलं क्रेट दिसलं की पट्टा थांबायचा, क्रेट उचललं की पुढे निघायचा. सगळं जमलं होतं, तेवढ्यात खंडेनवमी आली. साडूंनी यंत्राला भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. दसऱ्यानंतर शेठजींसमोर बटण दाबलं, तर पट्टा ढिम्म. तीन दिवस साडू प्रोग्राम खोडत होते, पुन्हा लिहीत होते. जेवण सुटलं, दाढी वाढली. मी मजा बघायला रोज जायचो, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी डोक्यावरून क्रेट वाहणाऱ्या एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, त्याच्या डोळ्यावर तुमचीच माळ आलीया." त्यांनी ती बोटानं बाजूला केली. इतके दिवस माळेलाच क्रेट समजून थांबलेला पट्टा मुकाट चालू लागला. शेठजी खूश झाले, नोकरी पक्की झाली. मावशी सरकत जाणाऱ्या क्रेटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग उद्यापासून आमी यायचं का न्हाई?"

कारखान्यात हेच साडूंनी साहेबांना विचारलं होतं.

आता दर रविवारी मावशी एसटीनं लोणीला येतात. ओसरीवर त्या ठोकळ्यापुढे बसतात आणि साडू खेकसतात, "चुकू द्या, पर हात लावा." शेठजी त्यांना पट्ट्यावर घेतील का, अजून कुणालाच ठाऊक नाही. मला मात्र आता टिंगल करवत नाही. परवाच्या रविवारी मुक्कामाला होतो, नळाचा प्रोग्राम मावशींनी लिहिला होता. साबण लावला आणि नळ बंद पडला. बाहेरून मावशींनी घाबरत विचारलं, चुकलं का काही. मी तसाच साबणात उभा राहून म्हणालो, "नाही मावशी, बरोबर आहे."