हौद्यातला तांब्या
नव्या टायरचा वास आला की मला अजूनही तहान लागते. आमच्या पिकअपचं नाक खाली असायचं, ओढ्यात घासायचं, म्हणून नवऱ्याने वारंगा फाट्यावर मोठे टायर आणि उंची बदलता येणारे शॉक बसवून गाडी सपाट करून आणली. पण हिंगोलीच्या बाजारासाठी हळदीची पोती चढताच मागचा भाग बसला आणि नाक आभाळाकडे गेलं. "रिकामी काहून मापली? हिंगोलीला हवा न्यायची व्हय?" सासरे कडाडले. नवऱ्याने जॅक लावून पुढचे शॉक एक खाच उतरवले. सपाटी बघायला सासऱ्यांनी गाडीच्या हौद्यात काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. थेंबही सांडला नाही. "आता बराबर," म्हणत ते त्यातलं अर्धं पाणी प्यायले, उरलेलं घामाघूम लेकापुढे धरलं. त्याने शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवला. तेवढं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही.