चांगल्या मातीला नको म्हणताना

आमच्या पत्र्यावरचं पाणी अंगणातून वाहत जाऊन गोठ्यात शिरायचं. घरात उपाय ठरला, सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक. मी म्हणाले, पन्हाळीच्या टोकाशी थोडी जागा मला द्या. तिथे उथळ खड्डा करते, ओढ्याकाठची झाडं लावते, पाणी तिथंच मुरेल. हे कॉलेजात शिकले होते. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मी काही बोलले की ते पुस्तकातलं ठरतं.

"पुस्तकात मुरतं गं," शेजारी राहणारे काका म्हणाले. "हितं नुसते डास व्हतील."

वडिलांनी मात्र जागा दिली. मी मुरूम लागेपर्यंत खणलं. आईच्या माहेराहून, डोंगराकडच्या भातवाल्या गावातून, तेरड्याची रोपं आणली. वाळ्याचे ठोंब आणि निरगुडीच्या फांद्या ओढ्यावरून. लावायच्या दिवशी जीपने नारायणगावहून परत आले, तर खड्डा निम्म्याहून जास्त काळ्याभोर गाळाने भरलेला. वडिलांनी तळ्यातून खास ट्रॉली आणली होती. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेला घालतात तो गाळ. झाडाला याहून चांगलं काही देतात हे आम्हाला माहीतच नाही. ते फावड्यावर हात टेकून हसत उभे होते. मला नको म्हणवेना. त्याच मातीत झाडं लावली.

मग पाऊस लागला आणि खड्ड्याचं डबकं झालं. उघडीप मिळाली तरी पाणी हटेना. वाळा तगला, तेरडा सडला. काका येता-जाता थांबायचे.

"काय गं, म्हशी कधी सोडायच्या?"

एका सकाळी चहा पिताना वडील म्हणाले, "उद्या ब्लॉकवाले येत्यात. ते बुजवून टाकू."

"नाही."

हा शब्द मी त्यांना कधी म्हटला नव्हता. आई चुलीपाशी होती, तिने मागे वळून पाहिलं.

"आता न्हाई काय?"

"पप्पा, खड्डा चुकला नाही. माती चुकलीय."

"तळ्याचा गाळ हाय तो. लोक मागत फिरत्यात."

"बागेला चांगलाच आहे. पण तो पाणी धरून ठेवतो. मला सोडणारी माती पाहिजे."

पुढचं मला नीट बोलता येईना. म्हणून रंगाचे दोन रिकामे डबे घेतले, बुडाशी खिळ्याने भोकं पाडली. एकात गाळ भरला, दुसऱ्यात मुरूम, वाळू आणि थोडं शेणखत. दोन्हींत तांब्याभर पाणी ओतलं. वडिलांनी प्रेमाने आणलेल्या वस्तूला मी सगळ्यांसमोर नाव ठेवत होते. दुसऱ्या डब्याखालची फरशी लगेच ओली झाली. गाळावर पाणी तसंच चमकत राहिलं.

"डब्यात मुरलं म्हंजी अंगणात मुरतंय व्हय?" दारात येऊन थांबलेले काका म्हणाले.

"नाही मुरलं तर मीच बुजवीन. पण आधी माझ्या मातीत बघू द्या. या मातीवरून खड्ड्याला नाव ठेवू नका."

वडिलांनी चहा संपवला, फावडं घेतलं आणि स्वतःच आणलेला गाळ घमेल्याने काढायला लागले. "टोमॅटोत टाकू," एवढंच पुटपुटले. "चांगला माल हाय, वाया न्हाई घालवायचा." मीही उतरले. झाडं बाजूला काढून ठेवली आणि दिवसभर आम्ही दोघं मुरूम-वाळू भरत राहिलो; वर उथळ खोलगा ठेवून झाडं परत लावली.

दुसऱ्या दिवशी ब्लॉकवाले आले. खड्ड्याच्या कडेला आखलेल्या रेघेच्या अलीकडेच थांबा, असं मी सांगितलं. त्यांनी वडिलांकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघता? तिला इचारा," वडील म्हणाले.

पुढच्या जोराच्या पावसात खड्डा काठोकाठ भरला. मी दारात उभी राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे फक्त ओली माती होती. गोठा कोरडा. काकांनी चप्पल काढून पायाने माती दाबून पाहिली.

"मुरलं खरं. पर दिसायला काय, नुसतं गवत."

"हो काका, गवतच आहे," मी म्हणाले. "आणि ते इथंच राहणार."