पांढऱ्या वाईनचा नमुना

मी जन्माची संशयी. लग्नाच्या बाबतीत तर जास्तच. आमच्या मावशीचा संसार नवऱ्याच्या दारूने बुडाला, आणि तो मनुष्यही लग्नाआधी निर्व्यसनीच म्हणवून घेत होता. म्हणून आबांना, म्हणजे वडिलांना, मी ठणकावून सांगितलं होतं: काळा चालेल, गरीब चालेल, पिणारा चालणार नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिरपूरजवळच्या आमच्या गावात नाशिककडचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, द्राक्षबागायतदाराच्या घरचा. आणि नोकरी कुठे, तर वाईनच्या कारखान्यात! मामा चौकशीला गेले, तिकडच्या पानटपऱ्यांवर बसून आले आणि डोकं खाजवत परतले. मुलगा वाईन चवीपुरती नुसती तोंडात घेऊन थुंकतो आणि त्याचाच त्याला पगार मिळतो, असं लोक सांगत होते.

"थुंकाना पगार भेटस का कोठे?" आबा म्हणाले. मलाही यात काहीतरी काळंबेरं दिसलं.

मामा कापसाचे व्यापारी. नमुना चोळून पाहिल्याशिवाय ते सौदा करत नसत. त्यांनी मुलाला निरोप धाडला, येताना मालाचा नमुना आणा. आणि तो बिचारा खरंच बाटली घेऊन आला. आईने देवघराचा पडदा ओढला, दार लावून घेतलं. मी पोह्यांच्या बशा ठेवून तिथेच उभी राहिले.

त्याने वाईन पेल्यात ओतली. पांढरी म्हणत होता, दिसत होती पिवळी. माझा संशय तिथेच वाढला. मामांनी बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. द्राक्षाची म्हणता आणि गोडीचा पत्ता नाही! मुलगा म्हणाला, ही अशीच असते. आमच्याकडे रात्री गारठा पडतो, द्राक्षात आंबटपणा टिकतो; साखर सगळी आंबण्यात जाते, म्हणून जिभेला कोरडी आणि स्वच्छ लागते. खराब माल खपवणारे असंच बोलतात, असं मामांचं मत पडलं.

"बरं, तुम्ही चाखून दाखवा," आबा म्हणाले.

त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खाली सकाळीच सारवलेली जमीन, समोर आबा. गाल फुगलेलेच. आणि गिळला.

"गिळी लिधी!" मामा ओरडले.

आबांचा चेहरा उतरला. माझाही. मुलगा मला आवडला होता, खोटं कशाला सांगू. म्हणून रागही जास्त आला. पाहायला आलेल्यांसमोर मुलीने तोंड उघडायचं नसतं, पण मी विचारलंच, "थुंकली का नाही?"

"आबांच्या पुढ्यात कसं थुंकू?" तो मान खाली घालून म्हणाला.

उत्तर फारच चांगलं होतं, आणि फार चांगल्या उत्तरांवर माझा विश्वास नसतो. मी आतून हात धुवायचं तस्त आणलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि पेला स्वतः भरला. "आता थुंका."

त्याने घोट घेतला, घोळवला आणि एक थेंबही इकडेतिकडे न उडवता तस्तात टाकला. आबांनी वाकून तस्तात पाहिलं. "पोऱ्या खरा शे," ते म्हणाले.

लग्न झालं. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही फसवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तरी संध्याकाळी ते कारखान्यातून आले की मी दारातच त्यांच्या अगदी जवळ जाऊन डोळ्यांत पाहते. त्यांना वाटतं, बायकोचा किती जीव आहे. जीव आहेच. पण वास तर त्यांच्या तोंडाला रोजच येतो, त्यावरून काही कळत नाही, म्हणून मला डोळे तपासावे लागतात.