शिक्केमामांचे काडेपेटीएवढे डोंगर

शिक्केमामा कुणाकडंही नुसते डोळे फिरवून बघायचे नाहीत. तुम्ही बाजूला येऊन उभे राहिलात की ते हातातलं काम थांबवायचे, आख्खी मान वळवायचे, कधी खांद्यासकट वळायचे, आणि तुमचा चेहरा सापडला की हसायचे. भोरच्या बाजारात लोक म्हणायचे, माणसाकडं असं बघणारा माणूस आता राहिला नाही. समोरच्याला वाटायचं, या घटकेला आपल्याशिवाय यांना जगात दुसरं काही दिसत नाही. ते खरंच होतं. कुठल्या अर्थानं खरं होतं, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

ते माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. ग्रामपंचायती, सोसायट्या, शाळा, दवाखाने, सगळ्यांचे शिक्के त्यांच्या हातचे. म्हणून सगळ्या गावाचे ते शिक्केमामा. कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून शिक्के करायचे दिवस आले, तरी मामांचं ब्लेड सुटलं नाही. रबराच्या तुकड्यावर ते उलटी अक्षरं अशी कोरायचे, की आपण सरळ लिहितानाही तेवढ्या वेगात हात चालत नाही.

पण त्यांचा जीव होता चित्रांत. गिऱ्हाईक नसलं की ते टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे काढायचे. त्यावर लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद, एसटीची तिकिटं, पाकिटांवरून भिजवून सोडवलेली पोस्टाची तिकिटं चिकटवायची, वर पातळ रंगाचा हात फिरवायचा, आणि तो वाळला की खोडरबरावर कोरलेले बारीक ठसे उठवायचे. मेंढरू, बाभळ, कौलारू घर. पोस्टाच्या तिकिटाची दातेरी कड हिरवी केली की भाताची लावणी व्हायची. शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई पाण्यात सोडली की तोरण्यावर संध्याकाळ पडायची. मी एकदा म्हटलं, "मामा, एवढं सुंदर करता, तर मोठं करा ना. भिंतीवर लावता येईल."

ते म्हणाले, "मोठं चित्र मानूस लांबनं बगतो आन् फुडं जातो. बारीक असलं की जवळ येतो. येऊ दे की जवळ."

मी तेव्हा नसरापूरला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान नुकतंच टाकलं होतं. मामांची चित्रं मी काउंटरच्या काचेखाली लावायची. सुरुवातीची पोस्टकार्डाएवढी होती. पुढं ती त्याच्या निम्मी झाली. मग काडेपेटीएवढी. आख्खा तोरणा, खालचं खोरं, धरणाचं पाणी, सगळं काडेपेटीच्या एका बाजूएवढ्या तुकड्यावर. लोक वाकून वाकून बघायचे. मामांची कला वाढत चाललीय, असं आम्ही सगळे म्हणायचो. पुण्याहून गडावर आलेल्या एका बाईंनी चार-पाच चित्रं एकदम घेतली आणि मला म्हणाल्या, "कडेला मोकळी जागा किती छान सोडलीय त्यांनी! हे शिकवून येत नाही." मी ते मामांना सांगितलं. मामा थोडे गोंधळले. "मोकळी कुठं सोडलीय म्या?" असं पुटपुटले आणि कामाला लागले.

मामींचं म्हणणं निराळंच होतं. "हल्ली लई धडपडत्यात गं," त्या एकदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "रोजच्या दाराची चौकट खांद्याला लागती. परवा पाण्याची घागर लाथंनं पाडली. म्या समोरनं ताट दिलं तर घेत्यात, बाजूनं दिलं तर तसंच बसून ऱ्हात्यात. मला वाटतं, रुसलेत." मामा आत आले तशी मामींनी त्यांच्या सदऱ्याची बाही वर करून दाखवली. डाव्या दंडावर जुने-नवे काळेनिळे वळ होते. मामा हसून म्हणाले, "घर बारीक झालंय आमचं."

मी मामा-मामींना नसरापूरला डोळ्यांच्या मोफत शिबिरात नेलं. मामांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अगदी शेवटची ओळ खडाखडा वाचून दाखवली. मग गंमत म्हणून तीच ओळ उलटी वाचली. तपासणारा पोरगा खूश झाला. "आजोबा, तुमचे डोळे माझ्याहून चांगले," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर येताना मामा मांडवाच्या खांबाला थडकले. त्या दिवशी ते इतके आनंदात होते, की त्यांनी त्या खांबालाच "सरक की बाजूला" म्हणून दम दिला. आम्ही सगळे हसलो. मामीसुद्धा.

दिवाळी झाली आणि मार्गासनीच्या शाळेनं मामांना बोलावलं. मुलांना ठसे कोरून बारीक चित्रं करायला शिकवायचं होतं. सामान बरंच होतं, म्हणून मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून गेले. वर्गात मुलं जमिनीवर गोल करून बसली होती. मामा मधे. बटाटे कापून त्याचे ठसे कसे करायचे, ते त्यांनी छान शिकवलं. पण त्यांच्या डाव्या हाताला बसलेली एक मुलगी आपला कागद वर धरून "बाबा, बगा ना, बाबा, बगा ना," म्हणत होती. मामा समोरच्या मुलांशीच बोलत राहिले. तिनं कंटाळून कागद खाली ठेवला. थोड्या वेळानं मामांचा पाय त्याच कागदावर पडला. तिचं ओलं चित्र त्यांच्या तळव्याला चिकटून वर्गभर फिरलं. मी तो कागद सोडवून तिच्या हातात दिला. पण मामांना हे सांगायचं कसं, आणि सांगायचं तरी काय, हे मला सुचलं नाही.

परतीला ऊन उतरलं होतं. उजेड मात्र भरपूर होता. रस्ता कोरडा, सरळ, वाहनं तुरळक. मामा रस्त्याच्या मधोमध स्कूटर चालवत होते. डावीकडच्या माळावरून एक मेंढरांचा कळप उतरताना मला लांबूनच दिसला. पांढरा-काळा लोंढा, पुढं घोंगडी पांघरलेला म्हातारा धनगर, मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई. मला वाटलं, मामा आता वेग कमी करतील. त्यांनी केला नाही.

"मामा, मेंढरं!" मी ओरडले.

"कुठं?" मामा म्हणाले. अगदी शांतपणे. आणि स्कूटर तशीच पुढं गेली.

मी डांबरावर पडले तेव्हा मेंढरांच्या ओरडण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एक मेंढी जागीच मेली होती. म्हातारा आडवा पडला होता आणि त्याची मांडी नको त्या जागी वाकली होती. मामा स्कूटरशेजारी उठून बसले होते. त्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "न्हवतं कुणी. रस्ता मोकळा हुता. म्या बगितलं, न्हवतं कुणी."

शेतातली माणसं धावली. कुणीतरी मामांची कॉलर धरली. "प्यालाय थेरडा!" एकानं तोंडाचा वास घेतला आणि कॉलरवरचा हात सोडवला. कुणी टेम्पो आणायला पळालं. त्या म्हाताऱ्याचं नाव धुळाबा. त्यांची बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीनं पाणी पाजत होती. मामा तिच्या शेजारीच बसून अजून तेच पुटपुटत होते. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. काय वाटलं तिला कोण जाणे, तिनं तीच बाटली मामांपुढं केली. "घ्या," ती म्हणाली. मामा हलले नाहीत. बाटली त्यांच्या डाव्या कानापाशी तशीच राहिली. तिचा चेहरा बदलला.

"आमच्या हातचं पानीबी चालंना व्हय तुमाला?"

मामा समोर बघत रडत होते. मी उठले, तिच्या हातातली बाटली घेतली आणि मामांच्या नाकासमोर धरली. त्यांनी ती लगेच दोन्ही हातांनी घेतली आणि घटाघटा पाणी प्यायले. मी आणि ती बाई एकमेकींकडं बघत राहिलो.

पोलीस, जबाब, दवाखाना, सगळं झालं. धुळाबांच्या मांडीत सळई घातली. मामांना मी पुण्याला नेत्रतज्ज्ञांकडं घेऊन गेले. डॉक्टर बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे. बरीच वर्षं असणार. मधलं दिसतं, म्हणून अक्षरं वाचता येतात. कडेचं जात जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

मामा म्हणाले, "पर मला कडंला काळं दिसत न्हाई, बाई. सगळं नीट दिसतंय. मग गेलं म्हंजे काय झालं?"

"काळं दिसत नाही, आजोबा," डॉक्टर म्हणाल्या. "काहीच दिसत नाही. आणि काहीच दिसत नाही हे माणसाला कळत नाही."

घरी आल्यावर मामांनी स्कूटरची किल्ली मामींच्या हातात दिली. मग खणातली सगळी चित्रं काढून माझ्यासमोर ओळीनं मांडली. "खरं सांग," म्हणाले. "ह्यातलं काय काय सुटलंय?" मी सांगायला लागले. हितं डोंगर अर्ध्यात थांबलाय. हितं रंग पुठ्ठ्याबाहेर गेलाय. हितं डावीकडं काहीच नाही. मी सांगत गेले तसे ते प्रत्येक चित्र डोळ्यांसमोर आणून सावकाश डावी-उजवीकडं सरकवत होते, आणि मी म्हणते ते त्यांना एकेक करून सापडत होतं. शेवटी म्हणाले, "म्हंजे लोकांनी न्हाई त्येचंच कवतिक केलं म्हन की." त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी ब्लेडला हात लावला नाही.

पंधरवड्यानं ते धुळाबांना भेटायला निघाले. मामींबरोबर मीही गेले. वेल्ह्याच्या वर डोंगराच्या कुशीत धनगरांची वस्ती आहे. एसटीतून उतरून बरंच चढावं लागतं. मामांच्या एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला मी. धुळाबा बाजेवर पडून होते. मामांनी हात जोडले. म्हणाले, "मला दिसलं न्हाई, बाबा. खोटं सांगत न्हाई."

धुळाबांनी मांडीवरचं घोंगडं बाजूला सारलं. "तुमचं डोळं गेलं," ते म्हणाले, "माजा पाय गेला. म्या आता कळपामागं कसा जानार? तुमाला दिसलं न्हाई म्हनून माजा पाय येनार हाय का?"

मामांनी मान हलवली. नाही. बाहेर बांधलेल्या करडाचं चघळणं ऐकू येत होतं. निघताना धुळाबांच्या बायकोनं चहा आणला. मामांचा हात हातात घेऊन तिनं त्यांची बोटं कपाभोवती बसवली आणि कप नीट धरलाय याची खात्री झाल्यावरच सोडला.

त्यानंतर मामांना एकाच गोष्टीनं झपाटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. मामा सकाळ-संध्याकाळ फोन करायला लागले. वरवे गावी माझ्या आईला, मला, चुलत, मावस, सगळ्यांना. "गेलीस का तपासायला?" नमस्कार नाही, काही नाही, पहिलं वाक्य हेच. "मामा, मला सगळं नीट दिसतंय," असं कुणी म्हटलं की त्यांचा आवाज चढायचा. "मलाबी नीटच दिसत हुतं!" एका लग्नात ते मांडवात पाहुण्यापाहुण्याला गाठून हेच सांगत बसले. लोक त्यांना टाळायला लागले. ज्या माणसाजवळ गाव मुद्दाम जायचं, त्याला बघून माणसं वाट बदलायला लागली. टाळणारा बाजूनं निघून जायचा आणि मामांना ते कळायचंही नाही. आईची तपासणी झाली. एका डोळ्यात सुरुवात होती. मामांनी फोन ठेवला तो दिवसभर पुन्हा केला नाही.

मग माझी पाळी. मामा स्वतः बरोबर आले, मी नको नको म्हणत असताना. नजरेचा कोपरान् कोपरा तपासणारं एक यंत्र असतं. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या खोलगट भांड्यासमोर हनुवटी टेकवून बसायचं. मधल्या पिवळ्या दिव्याकडं बघत राहायचं. कडेला कुठंही बारीक ठिणगी दिसली की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत राहिले. बाहेर आले तर मामा बाकावर ताठ बसून होते.

"दिसलं का सगळं?"

"दिसलं तेवढं दाबलं, मामा."

"आन् न दिसलेलं?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला सुरुवात झाली होती. अगदी थोडी. डॉक्टर म्हणाल्या, आता सापडलंय, रोज थेंब घाला, दर वर्षी तपासा, बहुतेक एवढ्यावरच थांबेल. मामांनी ते मला दोनदा म्हणून दाखवायला सांगितलं. मग माझा हात घट्ट धरला आणि भोर येईपर्यंत सोडला नाही. "धरलं," एवढंच म्हणत होते. "येळंवर धरलं."

तो त्यांचा पुण्याचा शेवटचा प्रवास. थंडीत एका सकाळी दुकानाचं कुलूप उघडता उघडता ते खाली बसले आणि उठले नाहीत. हृदय बंद पडलं, डोळ्यांचा काही संबंध नव्हता. दुकान आता बंद आहे. मामी आईजवळ असतात.

माझे थेंब चालू आहेत. दर वर्षी मी त्या यंत्रापुढं जाऊन बसते. दार लागतं, अंधार होतो. ठिणग्या दिसायला लागतात आणि मी बटण दाबत जाते. मग मधेच एक वेळ अशी येते, की कितीतरी वेळ काहीच दिसत नाही. यंत्रानं दाखवलंच नाही, की दाखवलं आणि मला दिसलं नाही, हे कळायला मार्ग नसतो. मी पिवळ्या दिव्यावरची नजर हलवत नाही. अंगठा बटणावर ठेवून पुढच्या ठिणगीची वाट बघत बसते.